थांबलेला घास

एकदा एका वृद्ध निरूपणकारांना दूरच्या मोठ्या शहरातून बोलावणे आले. गुरूंना आनंद झाला. त्यांच्या शिष्याची मात्र त्याच दिवशी अन्नावरची वासना उडाली.

दृष्टांतातल्या शिष्यांना सहसा नाव नसते. त्यांनी एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळाले की मान डोलवायची, एवढेच त्यांचे काम. पण हा बिचारा इतक्या काळज्या वाहत होता की त्याला निदान नाव तरी द्यायला हवे. त्याचे नाव त्र्यंबक.

त्याच्या काळजीला कारण होते. निरूपणकारांमध्ये एक जुना नेम असतो: ज्याच्या घरी निरूपण करायचे, त्याच्या घरचे अन्न घ्यायचे नाही. मीठ खाल्ले की जीभ जड होते आणि यजमानाला जे कडू सांगायचे ते गोड करून सांगावेसे वाटू लागते. म्हणून परगावी गेले की गुरुजींच्या जेवणाची सोय बाहेर बघावी लागे, आणि ती बघण्याचे काम शिष्याचे. आदल्या वर्षी अशाच एका शहरात त्र्यंबकाने उन्हातान्हात हिंडून एक खाणावळ शोधली, मोठ्या हौसेने गुरुजींना तिथे नेले, आणि त्या जेवणाने गुरुजी आजारी पडले. साधेसुधे नव्हे. त्यांना बैलगाडीत निजवून घरी आणावे लागले. पुढे कितीतरी दिवस ते नुसत्या पेजेवर होते. वैद्यबुवांनी हात टेकले नाहीत, पण निघताना बजावून गेले, "आता ह्यांचं पोट म्हणजे विरत आलेलं धोतर समजा. एकदा शिवून दिलंय. पुन्हा फाटलं तर टाका घालायला जागा उरलेली नाही."

ह्या सगळ्या काळात त्र्यंबकाला कोणी एका शब्दाने बोलले नाही. तेच त्याला जास्त लागले. गुरुपत्नींना सगळे माई म्हणत. त्यांनी तर आजारपणातही त्याला समोर बसवून आग्रहाने वाढले होते. ह्या खेपेस निघताना माईंनी दशम्यांचे गाठोडे त्याच्या हाती दिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना उपाशी ठेवू नकोस. वैद्यबुवांनी रिकामं पोट ठेवायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि काहीबाही खाऊही देऊ नकोस. मी तुझ्यावर सोडलंय." त्र्यंबकाने मान हलवली. त्याला वाटले, त्यापेक्षा माईंनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दशम्या वाटेतच संपल्या. शहराच्या वेशीत गाडी शिरली तेव्हा गुरुजींच्या पोटात पहाटेच्या दुधाखेरीज काही नव्हते. धर्मशाळेत उतरायला जागा मिळाली, पण तिथे चूल पेटवायला मनाई होती. पूर्वी कधीतरी आग लागली होती म्हणे. म्हणजे हाताने मऊ भात शिजवण्याचा मार्गही खुंटला. दुसऱ्या दिवशी सकाळी निरूपण होते, आणि पुढे महिनाभर ह्याच शहरात राहायचे होते.

तुम्ही-आम्ही आज परगावी उतरलो की आधी खिशातला फोन काढतो आणि कोणत्या हॉटेलाला किती तारे मिळालेत ते बघत बसतो. त्र्यंबकाजवळ फोन नव्हता, तो माणसांना विचारत सुटला. गोंधळ तोच. गाडीवान म्हणाला, "चौकातल्या मोठ्या भोजनशाळेत जा. डोळे मिटून जा." एवढे सांगून तो स्वतः गाडीच्या सावलीत बसला आणि त्याने घरची भाकरी सोडली. समोरच्या कापडाच्या दुकानातला व्यापारी हे ऐकत होता. तो म्हणाला, "चौकातली? अहो, तिथे तूप नुसतं वासाला असतं. पेठेतल्या भोजनगृहात न्या महाराजांना. मोठमोठी माणसं तिथेच जेवतात." धर्मशाळेच्या कारभाऱ्याने दोन्ही नावे ऐकून कपाळावर हात मारला आणि मागे एका उतारूला रात्री कशा वांत्या झाल्या, ते साग्रसंगीत सांगितले. कुठले खाऊन झाल्या, ते मात्र त्याला आठवेना.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताक फुंकून पितो. त्र्यंबक तर पाणीही फुंकून पिण्याच्या अवस्थेला आला होता. प्रत्येक गल्लीतून येणाऱ्या वासात त्याला जळके तेल जाणवत होते, प्रत्येक तांब्यावर हिरवट डाग दिसत होते. कोणते ठिकाण चांगले हे तो शोधतच नव्हता. कोणत्या ठिकाणी गुरुजी मरणार नाहीत, एवढेच तो शोधत होता, आणि असे कुठल्याच दारावर लिहिलेले नसते.

"चल," गुरुजी शांतपणे म्हणाले, "आधी चौकातच जाऊ."

चौकातल्या भोजनशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पंगतीवर पंगती उठत होत्या. त्र्यंबकाला जरा धीर आला. एवढी माणसे खातात ती काय वेडी आहेत? गुरुजींनी वाढप्याला फक्त थोडा भात आणि वरण घालायला सांगितले. कालवून घास केला, ओठांपर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबवला.

त्र्यंबक बघत राहिला. गुरुजी खाईनात. डोळे उघडे, चेहरा स्थिर, हातात घास. एक वाढपी ताक घेऊन आला, वाटी भरून पुढे गेला. दुसऱ्याने मीठ वाढले. शेजारी बसलेला उतारू भुरके मारत जेवत होता. त्या गलबल्यात एक म्हातारा माणूस घास हातात धरून बसला आहे, हे कोणाच्या गावीही नव्हते. बऱ्याच वेळाने गुरुजींनी तो घास परत पानात ठेवला, पान उचलले, पैसे दिले आणि बाहेर उभ्या असलेल्या गाईपुढे ते पान ठेवून हात धुतले.

त्र्यंबकाला धक्काच बसला. पानात सांडलेले शीतही वेचून खायला ज्यांनी त्याला शिकवले, तेच गुरुजी वाढल्या पानावरून उठले होते. "काही वास आला का गुरुजी?" त्याने घाबरत विचारले.

"नाही. अन्न बरं असेलही."

"मग?"

"चल, पेठेत जाऊ."

पेठेतले भोजनगृह बघून त्र्यंबकाचा जीव पुन्हा भांड्यात पडला. सारवलेली जमीन, घासून लखलखीत केलेली ताटे, उदबत्तीचा मंद दरवळ. मालक स्वतः सामोरा आला. गुरुजींची पांढरी दाढी आणि अंगावरची शाल बघून त्याचे डोळे चमकले. पाट मांडता मांडता त्याने आजवर कोणकोण थोर माणसे इथे जेवून गेली त्यांची नामावळी सुरू केली, ती भात वाढला तरी संपली नाही. गुरुजींनी घास केला, ओठांपाशी नेला आणि पुन्हा थांबवला.

ह्या वेळी मालकाचे लक्ष होते. तो जवळ आला, वाकला आणि आर्जवाने म्हणाला, "महाराज, एक विनंती होती. आपण जरा त्या दाराजवळच्या पाटावर बसाल का? तिथून रस्त्यावरच्यांना दिसतं."

गुरुजी हसले. घास खाली ठेवून ते उठले. ह्याही ताटातला भात बाहेरच्या गाईपुढे गेला. मालक मागून "आमचं काय चुकलं" म्हणत राहिला, आणि त्र्यंबकाच्या मनातही तोच प्रश्न होता.

रस्त्यावर आल्यावर त्याच्या मनात आणखी एक विचार आला, आणि त्या विचाराने त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. आजारपणात गुरुजींचा ताप डोक्यात गेला होता. कधी कधी ते भलतेच काही बोलत. वैद्यबुवांनी पोट शिवून दिले, पण मन कुठे उसवले असेल तर? हा असा हातात घास धरून बसणारा माणूस उद्या निरूपणाला बसणार कसा? आणि माईंना काय सांगायचे?

दुपार उतरणीला लागली होती. चुली विझायची वेळ. गुरुजींचे पाऊल एकदा अडखळले, मग पुन्हा. एका बंद दुकानाच्या पायरीवर ते टेकले. त्र्यंबकाने त्यांचा हात हातात घेतला तर तो गार पडलेला आणि बारीक थरथरणारा. त्याला रडूच कोसळायचे राहिले.

"गुरुजी," तो म्हणाला, "माझं चुकत असेल तर मला सांगा. मला ह्यातलं काही कळत नाही, गेल्या वर्षीच ते सिद्ध झालंय. पण तुम्ही काहीतरी खा. तुम्हाला इथे काही झालं तर मी त्या घराची पायरी परत चढू शकणार नाही."

गुरुजींनी हुंगून पाहिले. मग मान वळवून म्हणाले, "त्या बोळातून फोडणीचा वास येतोय. तिथे बघू."

बोळाच्या टोकाला एक खाणावळ होती. कोणी तिचे नाव सांगितले नव्हते, कारण तिला नावच नव्हते. गोदीवरचे हमाल, दुकानांतले कारकून अशी ओळखीची माणसे तिथे महिन्याच्या बोलीवर रोज जेवत. भिंती धुराने काळवंडलेल्या, तांब्याला पोचे आलेले, एका पाटाचा पाय तुटलेला. त्र्यंबकाचा धीर सुटला. पण आता गुरुजींना उठवून आणखी कुठे नेण्याची त्याची हिंमत नव्हती. आतून एक प्रौढ बाई आली. खाणावळ तिचीच होती आणि चूलही तिचीच. तिने गुरुजींकडे एकदा बघितले आणि विचारले, "बाबा, दुखण्यातून उठलाय का? भाजी तिखट आहे, ती नको. भात परत मऊ करते. आमटी मुगाची आहे."

पाने मांडली गेली. भात आला, आमटी आली. ती चुलीपाशी परतली. गुरुजींनी घास केला, ओठांपाशी नेला आणि थांबवला. त्र्यंबकाने डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा ती बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पळी तशीच, पळीतली आमटी जमिनीवर ठिबकते आहे आणि तिचे लक्ष नाही. तिची नजर गुरुजींच्या हातावर खिळली होती. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. एकाएकी ती पुढे आली.

"बाबा, काय झालं? केस निघाला का? आमटी लागलीय का? मी चाखली होती, पण आज लाकडं ओली होती, धुराने मला वास कळत नाही. नका खाऊ, ठेवा तो घास. मी दुसरं करते."

पलीकडच्या पाटावरचा हमाल जेवता जेवता म्हणाला, "तुम्ही मनावर घेऊ नका बाबा. आमच्या आक्कांचं रोज असंच असतं. पहिला घास पोटात जाईपर्यंत त्या दारातून हलत नाहीत. परवा आमच्यातला एक जण अर्ध्या जेवणावरून उठला, पोटात कळ आली म्हणून. तर ह्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बिऱ्हाडी जाऊन बघून आल्या."

"जाणार नाही तर काय," बाई म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन उठला होता तो. मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

गुरुजींनी घास तोंडात घातला. मग दुसरा, मग तिसरा. सावकाश चावत, मान खाली घालून, ते सगळा भात जेवले. हाताचा कंप थांबला. बाईने एक लांब श्वास सोडला आणि ती पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली.

त्र्यंबकाच्या पानात भात निवत होता. त्याने त्याला हात लावला नव्हता. "गुरुजी," तो हळूच म्हणाला, "मला समजलं नाही. तिथे ताटं लखलखीत होती, इथे भिंती बघवत नाहीत."

"गावात आपण कोणाच्या घरी जेवतो तेव्हा रांधणारीला आपण ओळखतो," गुरुजी म्हणाले. "तिची आई, तिची चूल, तिचा स्वभाव, सगळं ठाऊक असतं. मोठ्या शहरात ते कुठून कळणार? भांडी घासून ठेवता येतात, नाव कमावता येतं, गर्दी तर एकाला बघून दुसरा अशी जमते. चौकात जेवत होते ते सगळे उतारू. उद्या त्यातलं एकही माणूस तिथे परत येणार नाही, मग कोणाच्या तोंडाकडे कशाला बघायचं? पेठेतल्या मालकाने बघितलं, पण ते रस्त्याकडे. इथे मी हात थांबवला आणि आतल्या माणसाचा श्वास थांबला. माझ्या घासाची जिला भीती वाटते, तिच्या हातचं मी खाईन. भिंतींचं काय, त्या मला खायच्या नाहीत."

जे वर्षभर मनात होते ते त्र्यंबकाच्या तोंडून निघाले. "गेल्या वर्षी हे मला कळलं असतं तर तुम्ही आजारी पडला नसता."

बोटांनी पानाची कड चाचपत गुरुजी म्हणाले, "त्र्यंबका, त्या दिवशी वरण आंबलेलं होतं. मला पहिल्या घासालाच कळलं होतं."

"कळलं होतं? मग तुम्ही खाल्लंत कशाला?"

"समोर तू बसला होतास. दुपारभर उन्हात फिरून तू ती जागा शोधली होतीस, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतास. ह्या आक्का बघतात तसाच. त्या अख्ख्या पंगतीत माझ्या घासाची धास्ती असलेला एकच माणूस होता, तो तू. ज्याने रांधलं त्याला पत्ताही नव्हता. तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता. म्हणून मी ते गिळलं, आणि वर छान आहे म्हणालो. आजारपणात तू उशाशी बसून मनातल्या मनात जळत होतास, ते मला दिसत होतं. तरी सांगितलं नाही. लाज वाटली. तुझ्या डोक्यावर जे ओझं आहे ते माझं आहे."

त्र्यंबकाला काय वाटले ते सांगणे अवघड आहे. आधी राग आला. एवढ्या रात्री त्याने स्वतःला दोष देत काढल्या होत्या, आणि हे एक वाक्य गुरुजींना कधीही बोलता आले असते. मग गुरुजींच्या सुकलेल्या मनगटाकडे त्याची नजर गेली, आणि एवढे दुखणे ह्या माणसाने केवळ आपला चेहरा उतरू नये म्हणून ओढवून घेतले, ह्या विचाराने त्याचे डोळे भरून आले. तो पानाकडे बघत बसला.

"दादा," दारातून बाईचा आवाज आला, "तुम्ही का थांबलात? भात गार होतोय."

त्र्यंबकाने डोळे पुसले, घास कालवला आणि तोंडात घातला. आमटी चांगली शिजली होती, फोडणीही खमंग होती. पण मीठ जास्त झाले होते. थोडेथोडके नव्हे, चांगले जाणवण्याइतके.

त्याने वर पाहिले. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. गुरुजीही बघत होते. आपल्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असला की कसे वाटते, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळले. जिभेवर "छान आहे" हे शब्द आपोआप तयार झाले होते. दिवसभर चुलीपुढे राबलेल्या बाईला दुसरे काय सांगायचे?

"आक्का," तो म्हणाला, "आमटीत मीठ जास्त पडलंय."

बाईचा चेहरा उतरेल असे त्याला वाटले होते. तसे काही झाले नाही. उलट तिने कपाळावर हात मारला आणि ती हसली. "तरी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतच होतं. शेजारीण बोलायला आली होती, नादात दोनदा पडलं असणार. बरं झालं बोललात. ही माणसं मेली माझं मन राखायला काही बोलत नाहीत, आणि मी आपली रोज दारात उभी." हमालाने मान खाली घालून हसू लपवले. बाईने आत जाऊन बिनमिठाचे वरण आणले, त्र्यंबकाच्या आमटीत घातले आणि तो पुन्हा एक घास घेईपर्यंत समोरून हलली नाही. आता चव बरोबर लागली होती. तसे त्याने सांगितले, आणि ह्या वेळी तिचा विश्वास बसला.

त्र्यंबक गुरुजींकडे वळला. गुरुजींचे पान स्वच्छ होते. ती सगळी खारट आमटी ते चकार शब्द न काढता जेवले होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्हाला मीठ लागलं नव्हतं?"

"लागलं होतं," गुरुजी म्हणाले. एवढा मोठा निरूपणकार, पण त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "कोण काळजीने रांधतं ते ओळखायला मी शिकलो, त्र्यंबका. पण त्याला खरं सांगायला मला ह्या वयातही जमत नाही. तुला आज जमलं." त्यांनी तांब्यातले पाणी घेतले आणि म्हणाले, "आपण महिनाभर इथेच जेवू. आणि उद्यापासून माझ्या आधी तू जेवत जा. तू चांगलं म्हणालास की मी बसेन."

गुरूच्या आधी शिष्याने जेवायचे, हे त्र्यंबकाने कधी ऐकले नव्हते. तो नको म्हणणार होता. पण त्याने गुरुजींकडे पाहिले, आणि त्याच्या लक्षात आले की हे ते त्याचे मन राखायला म्हणत नाहीत. त्याने मान हलवली आणि भुकेल्या माणसासारखा जेवू लागला.

परक्या शहरात आपल्या घासाची ज्याला धास्ती वाटते असे माणूस भेटले, तर तिथे जरूर जेवावे, आणि मीठ जास्त झाले असेल तर तेही त्याला सांगून यावे.